बेडकाचं वायरिंग

"टॉर्च हलवू नका, अण्णा."

"मी कुठं हलवालोय? हात हलालाय."

मी गाडीच्या डॅशबोर्डखाली उताणी पडले होते. डोकं क्लचच्या पेडलपाशी, पाठ उघड्या पत्र्यावर, दोन्ही पाय दारातून बाहेर. सीट काढून अंगणातल्या पेरूखाली ठेवली होती. ओठांत चिकटपट्टीचे दोन तुकडे धरलेले, त्यामुळे मी दातांतून बोलत होते. अण्णा बाहेर लाकडी पाटावर बसून, मान वाकडी करून माझ्या बोटांवर उजेड पाडत होते. मधूनच झोत घसरून माझ्या डोळ्यांवर यायचा.

"डावीकडं. आणखी. हां, तिथंच."

"हे निळं-पांढरं कशाचं गं?"

"हेडलाइटचं. दर वर्षी विचारता."

"दर वर्षी सांगितलीस तर काय बिघडलं?"

फेब्रुवारीतला रविवार होता. कोल्हापुरात त्या दिवसांत सकाळी गारवा असतो आणि दुपारकडे पत्रा तापायला लागतो. आई आत आंबोळ्या घालत होती. दुसऱ्या दिवशी अण्णा जाणार हे कुणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे तो दिवस अगदी साधा गेला.

गाडी एकोणीसशे एकोणसाठ सालची. इंग्लंडात बनलेली, दोन माणसांची, टप नसलेली. तिचे हेडलाइट बॉनेटच्या वर, डोळे वटारल्यासारखे बसवलेले आहेत, म्हणून आमच्या गल्लीत तिला सगळे बेडूक म्हणायचे. मी सहावीत असताना अण्णांनी ती एका बंद पडलेल्या सिनेमा स्टुडिओच्या मागच्या शेडमधून टेम्पोत घालून आणली. तेव्हा तिच्यात एक कोंबडी अंड्यांवर बसलेली होती. स्टुडिओचा वॉचमन म्हणाला होता, "गाडी न्या, कोंबडी माझी हाय." अण्णा फौंड्रीत फोरमन होते. रविवार आणि सुट्ट्या घालून त्यांनी इंजिन उघडलं, घासलं, बसवलं. एकही मेस्त्री आमच्या अंगणात आला नाही.

पण विजेचं त्यांना जमत नव्हतं. विजेला ते भीत होते असं नाही. त्यांना ती दिसत नव्हती. "लोखंड चुकलं तर डोळ्याला दिसतं," ते म्हणायचे. "हे काय, आत काय चाललंय काय कळत न्हाई." मी इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला गेले त्या वर्षी उंदरांनी कुरतडलेलं सगळं जुनं वायरिंग काढून टाकलं आणि एकेक तार नवीन ओढली. पुढे इचलकरंजीत मी यंत्रमागांच्या कंट्रोल बोर्डांची दुरुस्ती सुरू केली, लग्न झालं, मुलगी झाली. तरी बेडकाची वीज माझ्याकडेच राहिली. इंजिन अण्णांचं, वीज माझी. हे आम्ही कधी ठरवलं नव्हतं.

या गाडीची एक खोड आहे. आज रस्त्यावर दिसणाऱ्या सगळ्या गाड्यांत बॅटरीची मायनस बाजू बॉडीला जोडलेली असते. बेडकात प्लस बाजू बॉडीला जाते. त्या काळी इंग्लंडात तशीच पद्धत होती. मी एकदा म्हटलं होतं, "अण्णा, उलटून घेऊ या. नवीन काही बसवायचं तर सोपं जाईल." ते म्हणाले, "ती जशी आलीय तशी राहूदे. तिनं आपल्यासाठी का म्हणून बदलायचं?" मग मीच त्रास घेतला. जुन्या गाडीत ठिणगी पाडायला दोन बारीक टोकं असतात, ती सारखी उघडतात, मिटतात आणि झिजतात. सहा महिन्यांनी घासून त्यांच्यातली फट पुन्हा बसवावी लागते. त्यांच्या जागी मी एक सर्किट बनवलं, खास उलट्या बॅटरीवर चालणारं, कारण बाजारातलं तयार एकही तिला चालत नव्हतं. ते अ‍ॅल्युमिनियमच्या छोट्या डबीत घालून डॅशबोर्डखाली बसवलं, त्याला स्वतंत्र फ्यूज दिला. गाडी एका झटक्यात सुरू व्हायला लागली. बॅटरीशेजारी अण्णांनी फौंड्रीच्या स्टेन्सिलने रंगवलेली पत्र्याची पाटी लावली: प्लस बॉडीला. बदलू नये.

त्या रविवारी मी हेडलाइटना रिले बसवत होते, म्हणजे जुन्या नाजूक स्विचवर सगळा भार पडणार नाही. पुढच्या महिन्यात जुन्या गाड्यांच्या क्लबची रॅली होती. शेवटचा स्क्रू राहिला असताना फाटक वाजलं.

"भूपालराव, आहे का कुणी?"

इनामदारांचा आवाज. ते वाहन तपासणीतून निवृत्त झालेले. रॅलीआधी प्रत्येक गाडी तपासायचं काम क्लबने त्यांना दिलं होतं. अण्णा पाटावरून उठले. उठताना त्यांनी टॉर्च माझ्या हातात दिली. दिली म्हणजे, माझी बोटं उघडून त्यात ठेवली, आणि वरून मिटली. माझ्या त्याच हातात स्क्रूड्रायव्हर होता. तो खाली पडला.

"या, या इनामदार साहेब. आलोच हुतो तुमच्याकडं."

इनामदारांनी चाकं बघितली, ब्रेक दाबायला लावला. मी खालीच होते. मग दर वर्षीचा प्रश्न आला. कधीतरी एका गाडीने मैदानावर पेट घेतला होता, तेव्हापासून ते तो सगळ्यांना विचारत.

"वायरिंग कुणी केलंय?"

"कुणी म्हणजे? मीच. दुसऱ्याला हात लावू देत न्हाई मी."

"आणि हे पाय कुणाचे?"

अण्णा हसले. "ही पद्मजा, थोरली. टॉर्च धरायला आलीय."

"वा, वा. गुणी पोरगी."

मी तेव्हा छत्तीस वर्षांची होते.

हे पहिल्यांदा घडत नव्हतं. दर वर्षी हाच प्रश्न, हेच उत्तर. पण आधी मी घरात असायचे किंवा मैदानात लांब उभी असायचे. माझे हात त्या तारांत असताना, माझ्या डोक्यावर उभं राहून ते असं म्हणाले नव्हते. मी चाचपडत स्क्रूड्रायव्हर शोधला, शेवटचा स्क्रू पिळला, बाहेर आले, रॉकेलने हात धुतले. आंबोळ्या खाल्ल्या. अण्णा इनामदारांना रिले म्हणजे काय ते समजावून सांगत होते. सकाळी मी सांगितलेलं, माझ्याच शब्दांत.

मी निघताना अण्णा फाटकापर्यंत आले. "रिले झकास बसला गं."

"हं."

"येतीस ना पुढच्या रविवारी?"

"बघते," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईचा फोन आला. अण्णा दाढी करताना आरशासमोरच खाली बसले होते. डॉक्टर यायच्या आधीच गेले.

लोक समजतात की अशा वेळी माणसाला आपल्या रागाची लाज वाटते. मला वाटली नाही. मी रडले, खूप रडले, आणि राग त्याच्या जागी तसाच होता. दोन्हींचा एकमेकांना काही त्रास झाला नाही.

रक्षाविसर्जन झालं. घर माणसांनी भरलेलं. फौंड्रीतले जुने लोक येऊन आईसमोर बसायचे आणि सगळे जवळपास एकच गोष्ट सांगायचे. एक ओतारी म्हणाला, "काकी, एकदा माझ्या हातनं अख्खी भट्टी वाया गेली. साहेब आला तवा अण्णा पुढं झालं. म्हणालं, मीच केलंय साहेब. पगारवाढ गेली त्येंची, पर माझं नाव सांगितलं न्हाई." तो ढसाढसा रडला. मी त्याला पाणी दिलं. बाकीचे माना हलवत होते: असा माणूस होणे नाही. मी रिकामा तांब्या घेऊन आत गेले आणि ओट्याला टेकून उभी राहिले. मीच. तोच शब्द.

तिसऱ्या आठवड्यात क्लबचे अध्यक्ष शिर्के आले. बांधकामवाले; घरी जुन्या गाड्या सात की आठ, सगळ्या दुसऱ्यांकडून दुरुस्त करून घेतलेल्या. मी इचलकरंजीला होते. ते आईला म्हणाले, "काकी, यंदा बेडूक सगळ्यात पुढं पाहिजे. हार घालून. मी स्वतः चालवतो. अण्णांना मानवंदना." आईने किल्ली दिली.

संध्याकाळी तिचा फोन. "पद्मा, गाडीतनं धूर आला गं. मी किल्ली दिलो. चुकलं का माझं?"

मी मोटरसायकलवरून नवऱ्याला घेऊन तशीच आले. अंगणात शिर्के आणि त्यांचा मेस्त्री उभे होते. बेडकाचं पुढचं अख्खं तोंड वर उचललेलं. जळक्या रबराचा वास अजून पेरूखाली रेंगाळत होता.

"घाबरू नका ताई," शिर्के म्हणाले. "पेटली नाही. मी वेळेवर बॅटरीची तार ओढली म्हणून. नाहीतर आज काही खरं नव्हतं."

"काय झालं?"

"आता गेलेल्या माणसाबद्दल काय बोलायचं?" असं म्हणून ते बोललेच. "अण्णांचं वय झालं होतं ताई. बॅटरी उतरली होती म्हणून नवीन आणली. बघतो तर काय, जुनी उलटीच जोडलेली! प्लस बॉडीला! एवढा अनुभवी माणूस. मी आपली सरळ करून घेतली."

"पाटी आहे शेजारी. वाचली नाहीत?"

"वाचली की. म्हणून तर म्हणतोय, वय झालं होतं."

मी आत वाकले. बॅटरीच्या दोन खुंट्या एकाच जाडीच्या नसतात. उलटं जोडायला गेलं तर पट्टी बसत नाही. या लोकांनी मायनसच्या खुंटीला डब्याचा पत्रा गुंडाळून ती जाड केली होती आणि वर पट्टी ठोकली होती. गाडी स्वतः नको म्हणत होती, तरी ठोकली होती. मग माझा हात डॅशबोर्डखाली गेला. डबी एका बाजूने काळी पडली होती. फ्यूजच्या जागी बोटाला काहीतरी टोचलं. बाहेर काढून पाहिलं: तांब्याची तार, पिळून गुंडाळलेली.

पुस्तकांत अशा वेळी मुलीला वडिलांची जुनी चिठ्ठी सापडते. मला ही तार सापडली.

"हे काय आहे?"

मेस्त्रीने मान खाजवली. "फ्यूज सारखा उडालता ताई. दोन गेले. मग तार टाकली."

"दोन फ्यूज उडाल्यावर तुम्हाला काही वाटलं नाही?"

"हलका फ्यूज घातलाय म्हणालो."

"त्याचं कामच ते होतं! उलटी बॅटरी लावली तर फ्यूज उडावा आणि डबी वाचावी, म्हणून घातला होता तो."

"बघा," शिर्के मेस्त्रीकडे वळून म्हणाले, जणू मी त्यांचीच बाजू घेतली होती. "फ्यूज उडतो म्हणजे वायरिंगमध्येच खोट. आणि हा घरगुती डबा कशाला बसवायचा? बाजारात चांगल्या कंपन्यांचे मिळतात. रॅलीत कुणाच्या मांडीवर पेटला असता तर? ताई, मी क्लबच्या ग्रुपवर टाकलंय आत्ताच. यंदापासून घरी केलेलं वायरिंग चालणार नाही. अण्णांच्या गाडीवरून धडा घ्या, असं लिहिलंय. वाईट वाटून घेऊ नका, चार जीव वाचतील."

"काय लिहिलंय?"

त्यांनी फोन पुढे केला. जळलेल्या डबीचा फोटो होता. खाली हात जोडल्याच्या दोन इमोजी, आणि अण्णांचं पूर्ण नाव.

"रविवारी ट्रेलरवरून नेऊ गाडी, हार घालून," ते सांगत होते. "चालवायची काय गरज? नंतर पुण्याला पाठवतो. सगळं उपसून नवीन वायरिंग. खर्च क्लबचा."

सगळं उपसून. मला त्या गाडीतली प्रत्येक तार डोळे मिटून सांगता आली असती. मागच्या दिव्याची हिरवी-तांबडी मी बाळंतपणाच्या आधी सातव्या महिन्यात नव्याने ओढली होती, आडवं पडता येत नव्हतं म्हणून कुशीवर वळून.

मी केलंय, हे शब्द अगदी ओठांवर आले. आई दारात उभी होती, पदर मुठीत धरून. आणि मला जे दिसलं त्याने माझं तोंड बंद झालं. काम उत्तम चाललं तोपर्यंत ते अण्णांचं होतं. आज ते जळलं, तर आता मी पुढे होऊन ते माझं म्हणायचं? म्हटलं असतं तर शिर्के कनवाळूपणे हसले असते आणि म्हणाले असते, तरीच. आणि नाही म्हटलं तर जे अण्णांनी केलंच नाही त्याचा ठपका अण्णांवर. ते इथे उभे असते तर पुढे होऊन 'मीच' म्हणाले असते आणि सुटले असते. मला तीही सोय नव्हती.

"गाडी इथेच राहू दे," मी म्हणाले. "रविवारी मी आणते."

"तुम्ही? ढकलत?" मेस्त्री हसला. शिर्के हसले नाहीत, पण त्याला थांबवलंही नाही. "बघा ताई, इनामदारांनी पास केली तर माझं काही म्हणणं नाही. तरी ट्रेलर सकाळी मैदानाच्या दारात असेल. लागला तर."

शनिवारी मी एकटी आले. नवऱ्याला म्हटलं, तू नको. आई बस्तीतून, जैन मंदिरातून, येऊन पाटावर बसली होती, अण्णांच्याच.

बॅटरी मी आधी पुन्हा उलटी, म्हणजे तिच्यासाठी सरळ केली. पत्र्याची गुंडाळी काढून कोपऱ्यात फेकली. घरातून आणलेला मीटर लावून एकेक तार तपासली. मला भीती होती आणि तपासता तपासता ती कमी होत गेली: डबीशिवाय काहीही जळलं नव्हतं. दिवे, हॉर्न, रिले, सगळं धड. डबी मात्र गेली. नवीन बनवायला सुटे भाग मागवावे लागले असते, आणि रॅली दुसऱ्या दिवशी होती.

"मग?" आई म्हणाली.

"जुनं बसवायचं. अण्णांनी काढून ठेवलेलं आहे कुठेतरी."

"बिस्किटाच्या डब्यात. माळ्यावर. माझा डबा घेतला म्हणून भांडलो हुतो मी."

डब्यात ती जुनी टोकं बसवलेली चकती होती, ग्रीस लावून, अण्णांच्या फाटक्या बनियनमध्ये बांधलेली. सोबत फट मोजायच्या पोलादी पात्या. ठिणगीची फट बसवणं हे इंजिनचं काम, अण्णांचं. मी ते शंभरदा पाहिलं होतं आणि एकदाही केलं नव्हतं.

"आई, टॉर्च धरतेस?"

"कुठं धरू?"

"माझ्या बोटांवर."

तिचा हात अण्णांच्यापेक्षा स्थिर होता. फट मोजायला इंजिन हळूच फिरवावं लागतं. त्यासाठी वरचा गिअर टाकून गाडी बोटभर पुढे ढकलायची. आईने पदर खोचला आणि ढकलली. "एवढंच?" "आणखी थोडं." "आता?" "बास, बास!" मी पाती घातली, स्क्रू सैल केला, पुन्हा आवळला. पाती अडकली. पुन्हा सैल.

"पद्मा," आई मागून म्हणाली, "ह्यांना सवय हुती ती. फौंड्रीत कुणाचं काय चुकलं तर पुढं व्हायचे. मीच केलंय म्हणायचे. तुझ्यावर काय येऊ नये, म्हणून म्हणत असतील."

"चूक झाली असती तर ठीक होतं. झाली होती का कधी? वीस वर्षांत एकदा तरी?"

मी पाती बनियनला पुसली.

"तुला माहीत होतं, वायरिंग माझं आहे ते?"

"न माहीत व्हायला काय झालं? दर वेळी गाडीतनं पाय कुणाचे बाहेर असायचे, मला दिसत नव्हते हुय?"

"मग तू का नाही कधी बोललीस?"

टॉर्चचा झोत पहिल्यांदा हलला. "मी कशाबद्दल बोललो आजवर?" आई म्हणाली.

मी वर पाहिलं. ती रडत नव्हती. ती चिडली होती, माझ्यावर नव्हे. मला कळलं की या अंगणात रागावलेली मी एकटी नाही.

पाती आत गेली, अलगद, घासून. अण्णा म्हणायचे, लोणी कापल्यासारखी जायला नको आणि कागद फाटल्यासारखी पण नको. मी झाकण बसवलं, किल्ली फिरवली, स्टार्टरची मूठ ओढली. इंजिन फिरत राहिलं, ठिणगी नाही. परत ओढली. नाही.

"काय झालं?"

"ग्रीस," मी म्हणाले. "टोकांवर ग्रीस राहिलंय. कोरा जाड कागद दे."

आईने कुणाच्यातरी लग्नाच्या पत्रिकेचा कोपरा फाडून दिला. तो टोकांमध्ये धरून ओढला. काळा होऊन बाहेर आला. दुसरा कोपरा. तिसरा स्वच्छ निघाला. मूठ ओढली आणि बेडूक एकदा खोकला, मग सुरू झाला. सगळं अंगण थरथरायला लागलं. शेजारच्या गॅलरीत कुणीतरी आलं.

"आवाज तोच हाय," आई म्हणाली आणि टॉर्च विझवली.

रविवारी ती माझ्या शेजारच्या सीटवर बसून आली. इतक्या वर्षांत ती त्या गाडीत पहिल्यांदा बसत होती. "मला कधी म्हणाले न्हाईत, चल म्हणून," ती वाऱ्यात ओरडून म्हणाली, "आणि मी पण म्हणालो न्हाई." तिने डोक्यावरचा पदर दोन्ही हातांनी धरला होता. सिग्नलला रिक्षावाले बघत होते.

मैदानाच्या दारात ट्रेलर उभा होता. शिर्के झेंडूचा हार घेऊन त्याच्याजवळच थांबले होते. आम्ही आत शिरलो तेव्हा ते हार तसाच धरून मागे मागे चालत आले. दहा-बारा गाडीवाले भोवती जमले. त्या सगळ्यांनी तो फोटो पाहिला होता.

"वा ताई. कुणाकडून करून घेतली?" शिर्क्यांनी विचारलं.

मी इंजिन बंद केलं. इनामदार आले, त्यांनी आईला नमस्कार केला. चाकं बघितली. ब्रेक. मग बॉनेट उचलायला लावलं आणि बॅटरीजवळ वाकून चष्मा वर करून पाटी वाचली.

"प्लस बॉडीला," ते मोठ्याने म्हणाले. "बरोबर. या सालच्या विलायती गाड्यांत असंच असतं. कुणी बदलत तर नाही ना?"

शिर्क्यांचा मेस्त्री ट्रेलरची साखळी बघायला निघून गेला.

इनामदार सरळ झाले. हात पुसले. मला माहीत होतं आता काय येणार.

"वायरिंग कुणी केलंय?"

"अण्णांनीच," शिर्के म्हणाले. "तेच तर मी सगळ्यांना सांगतोय, की अशा घरगुती..."

"मी यांना विचारलं," इनामदार म्हणाले.

सगळे माझ्याकडे बघत होते. 'अण्णांनी', एवढंच म्हणायचं होतं. गाडी चालली होती, पाटी बरोबर ठरली होती, हार तयार होता. 'अण्णांनी' म्हटलं असतं तर टाळ्या पडल्या असत्या, अण्णांच्या नावावरचा डाग धुतला गेला असता, आणि मी पुन्हा, शेवटची, त्या पत्र्यावर उताणी पडले असते. या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. तेव्हा माझ्या मनात काय काय चाललं होतं ते मी नंतर पुष्कळदा जुळवून पाहिलं, पण खरं म्हणजे काहीच चाललं नव्हतं. आईने गाडीत बसल्या बसल्या माझ्या कोपराला हात लावला होता, एवढंच आठवतं.

"मी," मी म्हणाले.

"आता, जळल्यावर?" इनामदारांनी विचारलं.

"नाही. पहिल्यापासून. प्रत्येक तार. जळलेली डबीसुद्धा माझीच, आणि ती उलट्या बॅटरीने जळली, तार घातलेल्या फ्यूजने जळली. तिच्यात खोट नव्हती."

इनामदार गोंधळले. त्यांनी शिर्क्यांकडे पाहिलं, मग आईकडे, मग पुन्हा माझ्याकडे. "पण ताई, भूपालराव तर दर वर्षी, माझ्यासमोर..."

"अण्णा खोटं बोलायचे," मी म्हणाले. "टॉर्च ते धरायचे."